आधी प्रोब बनव, मग पुढचं पेडल

तू बनवलेलं पहिलं गिटार पेडल (आवाज बदलणारा डबा) वाजलं ना, मस्त! पण लगेच डिलेच्या (प्रतिध्वनीसारखा आवाज देणाऱ्या पेडलच्या) मागे लागू नकोस. 1966 सालच्या फझ फेस या आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलचं सर्किट घे. दोन ट्रान्झिस्टर धरून भाग जेमतेम डझनभर. ते ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या बोर्डवर) लाव आणि एकेक भाग बदलून ऐक. इनपुटचा 2.2 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून 0.1 चा लावलास की खर्ज कसा पातळ होतो ते कानालाच कळेल. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (त्याच्या तीन पायांपैकी एक) साधारण 4.5 व्होल्ट हवेत. नसतील तर तिथल्या 8.2 किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी ट्रिमपॉट (फिरवून किंमत बदलता येणारा छोटा रेझिस्टर) लाव आणि मीटर बघत हळूहळू फिरव.

आणि ऑडिओ प्रोब, म्हणजे सर्किटमध्ये आवाज कुठपर्यंत पोहोचतो ते ऐकायचं साधन, बनवच. जुनी गिटार केबल काप, मधल्या तारेला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोड, शील्डला (बाहेरच्या जाळीला) क्लिप लाव. क्लिप सर्किटच्या ग्राउंडला, केबलचं दुसरं टोक अ‍ॅम्पला (आवाज कमी ठेवून). गिटार वाजती ठेवून कपॅसिटरचा मोकळा पाय टेकवत इनपुटपासून एकेक टप्पा तपासत जा. आवाज जिथे गायब होतो, घोळ तिथेच.

हे मी फार उशिरा शिकलो. एक पेडल उघडं असताना वाजायचं, झाकण लावलं की गप्प. दोन संध्याकाळी मी ट्रान्झिस्टर बदलत बसलो, वेड्यासारखा. शेवटी दिसलं, आउटपुट जॅकचं टोक डब्याच्या भिंतीला टेकत होतं. जॅक थोडा फिरवला, काम झालं.

सोल्डरिंगचं म्हणशील तर पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि भागाचा पाय दोन्ही तापव, सोल्डर आपोआप पसरतं.