अडीच वर्षांच्या मुलासाठी समुद्रातल्या प्राण्यांचं फ्लॅपवालं पुस्तक घरी बनवायचंय. कोणते प्राणी घ्यावेत आणि फ्लॅप फाटू नयेत म्हणून काय करावं?

सहा प्राणी पुरे. त्यातले तीन मासळी बाजारातलेच घ्या: पापलेट, चिंबोरी (खेकडा), माकूल (स्क्विड). मुंबईतल्या पोराने ते टोपलीत पाहिलेले असतात, त्यामुळे पहिल्याच पानावर बोट ठेवून नाव घेतो. मग ऑक्टोपस, तारामासा आणि निळा देवमासा.

फ्लॅपखाली नुसतं ‘ओळखा पाहू’ ठेवलं तर दोन दिवसांत कंटाळा येतो. प्राणी जे करतो तेच हाताला करू द्या. ऑक्टोपस खडकाचा रंग घेऊन लपतो, म्हणून खडक उघडायचा. तारामाशाचं तोंड पोटाकडून असतं, म्हणून त्याला उलटायचं. देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो, म्हणून ते पान उलगडत जातं आणि खाली १२ मीटरच्या अडीच बस काढायच्या. माकुलाला आठच हात काढण्याची चूक हमखास होते; त्याला आणखी दोन लांब सोंडा असतात.

आता फाटण्याचं. या वयात फ्लॅप उघडत नाहीत, ओढतात. वरून चिकटवलेला फ्लॅप त्यामुळे आठवडाभरात निघतो. पान ३०० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटर ग्रॅममधलं वजन) कार्डाचं, फ्लॅप २०० ते २५०चा घ्या (मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर सुटे ताव मिळतात). फ्लॅपला १५ मिमी जादा पट्टी सोडा. पानाला पट्टीपेक्षा २ मिमी लांब चीर पाडून पट्टी त्यातून मागे घ्या, तिथे चिकटवा आणि वर पुढचं पान पाठीला पाठ लावून डकवा. मग ओढ गोंदावर न येता पानावर येते.

घडी घालण्याआधी कार्ड उभं आणि आडवं हलकं वाकवून बघा. सहज वाकतं तीच घडीची दिशा; त्याला आडवी घातली की घडीवर रंग तडकतो. संपलेल्या बॉलपेनने फूटपट्टी धरून रेघ दाबली की घडी सरळ बसते. उघडणाऱ्या कडेखाली पानाला १५ मिमीची अर्धगोल खाच पाडा. ती नसेल तर बोट आत जात नाही, मूल नखाने कोपरा उचकटतं आणि फाटणं तिथूनच सुरू होतं.

पावसाळ्यात पातळ फेविकॉलने कार्ड हमखास वाकतं, तेव्हा डबल टेप बरी. लॅमिनेशन केलंत तर चिकटवायची पट्टी त्याबाहेर ठेवा, फिल्मवर गोंद धरत नाही. हलणारे डोळे, वेल्क्रोचे ठिपके, पितळी पिना तीन वर्षांखालच्या मुलाच्या पुस्तकात नकोच. निघाले की थेट तोंडात जातात.

चिंबोरीच्या नांग्या मात्र जादा कापून ठेवा. त्या पहिल्या तुटतात.