माझ्यासमोर कुणी तोंड उघडत नाही

बेळगावच्या उद्यमबागेतला फौंड्रीचा (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचा) शिफ्ट इनचार्ज असो, शहापूरच्या पतसंस्थेचा अध्यक्ष असो की खानापूर भागातली मुख्याध्यापिका, खुर्ची मिळाली की वर्षभरात हे वाक्य ऐकू येतंच: "माणसं ऐकतात, पण मनापासून नाही. समोर गप्प, माघारी सगळं बोलतात." पाठोपाठ मागणीही ठरलेली. आवाजात दम कसा आणायचा? इंग्रजी सुधारलं तर वजन पडेल का? कोट-टाय आणि इंग्रजीने शब्दाला वजन येत असतं, तर माझ्याकडे सल्ल्याला येणारी निम्मी गर्दी केव्हाच ओसरली असती.

मोल्डिंगवर, म्हणजे साचे बनवण्यावर, बरीच वर्षं काढून इनचार्ज झालेल्या एका गृहस्थांचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पंपाच्या कास्टिंगचा (ओतीव भागांचा) मोठा लॉट ब्लोहोलमुळे, म्हणजे आत राहिलेल्या भोकांमुळे, रिजेक्ट झाला होता. साच्याच्या सँडमध्ये, म्हणजे वाळूत, ओल साधारण ३ ते ४ टक्के लागते. ती वाढली की तापलेलं लोखंड ओतताना वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही की कास्टिंगला भोकं पडतात. सँड ओली झाली आहे हे ती कालवणाऱ्या मिक्सरवरच्या माणसाला दोन दिवस आधीच कळलं होतं. तो बोलला मात्र नाही.

"मॅडम, दरारा कमी पडतोय माझा," ते म्हणाले.

"तुम्ही शेडमध्ये शिरता तेव्हा माणसं काय करतात?"

"लगेच कामाला लागतात की."

"त्याआधी काय करत असतात?"

बराच वेळ गेला. "ते कधी बघितलं नाही ओ."

माझ्या मते खरं काम इथूनच सुरू होतं. आपण आल्यावर समोरच्यात काय बदलतं, ती आपली छाप. आपण कसे उभे राहतो हे त्यानंतरचं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये माणसाच्या ओळखीची चार कप्प्यांची एक चौकट मांडली. त्यातला एक कप्पा इतरांना दिसतो, आपल्याला नाही. त्या कप्प्यात काय आहे हे एकट्याने चिंतन करून सापडत नाही. त्यासाठी पुरावा गोळा करावा लागतो.

मी त्यांना खिशात मावणारी वही ठेवायला सांगितली. दर शिफ्टला तीन प्रसंग, आणि प्रत्येकाच्या चार नोंदी: काय घडलं, माझ्या अंगात काय झालं (जबडा आवळला, हात कमरेवर गेले), मी नेमकं काय बोललो, समोरच्याने काय केलं. बोललेलं शब्दशः हवं आणि ज्या भाषेत बोललो त्याच भाषेत. "मी समजावून सांगितलं" ही नोंद होत नाही. ते आपणच आपल्याला दिलेलं प्रमाणपत्र झालं. नोंद चहाच्या सुट्टीतच करायची. रात्री घरी जाऊन लिहिलं की आपण आपसूक शहाणे ठरतो.

पहिल्या आठवड्याची वही दुसऱ्यांच्या चुकांनी भरून आली. बहुतेकांची तशीच येते, कारण राग आला की नजर बाहेर वळते. "प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू करा," एवढंच सांगून ती परत दिली.

दुसरी वही आली तेव्हा मी त्यांच्यासमोर दोन पेनं ठेवली. मराठीत बोललेल्या वाक्यांखाली निळी रेघ, कन्नडमधल्या वाक्यांखाली लाल. आपल्या भागात दोन्ही भाषा दिवसभर तोंडात असतात, त्यामुळे कधी कुठली येते हे बोलणाऱ्याला जाणवतही नाही. रेघा मारता मारता त्यांचा हात थांबला. निळ्या रेघांवर थट्टा होती, "पोरगं कसं आहे?" होतं, "मस्त झालंय" होतं. लाल रेघांवर "लगु माडो" (लवकर कर), "येन माडाकत्ती?" (काय करतोयस?) आणि इथे न लिहिण्यासारखं बाकीचं. लाल रेघेवर एकसुद्धा चौकशी नव्हती, एकसुद्धा शाबासकी नव्हती.

"म्हणजे माझं कन्नड नुसतं शिव्यांचंच आहे की ओ."

ते खालमानेने पानं उलटत राहिले. मग आपणहून म्हणाले, "ज्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो, तो असाच बोलायचा. कन्नड मी त्याच्याकडूनच शिकलो."

मिक्सरवरचा माणूस बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. साहेबाचं मराठी त्याला जेमतेम कळायचं, म्हणजे साहेबाचा चांगुलपणा त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता. वाईट बातमी तो कशाच्या भरवशावर आणणार? भाषेचा हा धागा त्या दोन पेनांमुळे हाती लागला, आणि तेव्हापासून या भागातल्या कुणालाही मी हा प्रयोग दिल्याशिवाय सोडत नाही.

पुढची पायरी विचारण्याची. तीन माणसं निवडायची: एक बरोबरीचा, एक हाताखालचा (शक्यतो न पटणारा) आणि एक घरचं. एकेकट्याला गाठायचं, मीटिंगमध्ये नाही. "मी कसा आहे?" विचारलंत तर "चांगले आहात की" एवढंच मिळेल. प्रश्न घडलेल्या गोष्टीचा हवा: "गेल्या आठवड्यात माझ्या कुठल्या वागण्यामुळे तुम्हाला बोलणं अवघड गेलं?" उत्तरावर खुलासा द्यायचा नाही. "बरं झालं सांगितलंत" म्हणायचं, लिहून घ्यायचं, आणि त्यातली एक गोष्ट आठवड्याच्या आत बदलायची. खुलासा केलात की पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही. यांच्या पत्नीचं उत्तर होतं, "घरी पण तुमची शिफ्ट चालूच असते."

मग शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटं मिक्सरजवळ. हात कमरेवरून खाली, फोन खिशात. आधी "ऊट आतेन?" (जेवण झालं का?), मग सँडबद्दल "हो-नाही"त न संपणारा एक प्रश्न कन्नडमध्ये, आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प. सगळ्यात अवघड हेच. माझ्यासमोर सराव करताना त्यांना तीनच्या पुढे जाता येईना. मध्येच स्वतः उत्तर देऊन मोकळे व्हायचे. "आपण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं वाटेल," ही भीती त्यामागे होती. ती उघड बोलून झाल्यावर पाचपर्यंत पोचले. पहिले काही दिवस मिक्सरवाला नुसता मान हलवायचा. एके दिवशी त्याने मूठभर सँड दाबून यांच्यापुढे धरली आणि पाणी जास्त झाल्याचं सांगितलं. त्या दिवशी "चलो आगेद" (छान झालंय) हे यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं.

दोन ठिकाणी गाडी अडते. एकदम गोड बोलायला लागलात तर माणसं बिचकतात, साहेबाला झालंय काय म्हणून. त्यामुळे काय बदलणार आहात ते आधीच सांगून टाका. आणि धोक्याच्या जागी मऊपणा नको. वितळलेलं लोखंड भरलेला लॅडल (ओतायचं भांडं) चाललेला असताना कुणी वाटेत आला तर ओरडायचंच, कुठल्याही भाषेत.

पतसंस्थेत किंवा शाळेत भाषेची अडचण नसेल तर रंग माणसांना द्या. बैठकीत ज्यांना तुम्ही नावाने हाक मारून मत विचारलंत ते निळे, ज्यांच्याशी फक्त कामापुरतं बोललात ते लाल. सलग तीन बैठकांच्या नोंदी ठेवा. लाल रंगात तीच तीच नावं येत असतील, तर पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्यांतल्याच एकाला विचारा.