पंधराशे पळून ये

बाळा,

रविवारी रात्री तुझा मेसेज आला. पहिल्या दिवसअखेर नववा होतास म्हणून दुसऱ्या दिवशी थांबलाच नाहीस, आणि आता विचारतोयस की दोन दिवसांचं, दहा प्रकारांचं डेकॅथलॉन सोडून फक्त भालाफेक करू का. वाचल्यावर मला झोप लागली नाही. भाल्याचं नंतर बघू. दुसऱ्या दिवशी तू मैदानावर का नव्हतास, ते आधी सांग.

निक्लास काउलबद्दल आपण बोललोय. जर्मनीतल्या माइन्झचा डेकॅथलॉनवाला पोरगा, आईवडीलच कोच. 2019 मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत तो शंभर मीटर 11.27 सेकंदांत पळाला. त्या पातळीवर ही वेळ साधारणच, गुण फक्त 801. पहिला दिवस संपला तेव्हा तो अकरावा होता. अकरावा! तुझी स्पर्धा आणि त्याची स्पर्धा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण रात्री खोलीवर बॅग भरावीशी वाटते ना, ते सगळीकडे सारखंच.

त्याने बॅग भरली नाही. दुसऱ्या दिवशी थाळीफेक 49.20 मीटर, पोल व्हॉल्टला पाच मीटर, आणि मग भाला 79.05 मीटर. एका फेकीचे 1028 गुण! एवढा भाला फेकणाऱ्याला ‘बाकीचं सोड’ म्हणणारे कमी भेटले असतील का? भाला नववा असतो, बाळा. आधीचे आठ प्रकार उरकल्याशिवाय तो हातातच येत नाही. आणि त्यानंतर शेवटचे पंधराशे मीटर असतात. ते तो 4:15.70 मध्ये पळाला. एकूण 8691 गुण आणि 21 व्या वर्षी सुवर्ण, डेकॅथलॉनमधला सगळ्यात लहान जगज्जेता. फ्रान्सचा केविन मायर आघाडीवर असताना पोल व्हॉल्टला दुखापतीने बाहेर गेला म्हणून काउलचं फावलं, असं तुला कुणी सांगेल. फावायला माणूस मैदानावर लागतो.

2022 ला म्युनिकमध्ये घरच्या प्रेक्षकांपुढे पुन्हा तेच. भाला 76.05, पंधराशे 4:10.04, आणि स्वित्झर्लंडच्या सायमन एहामरला मागे टाकून तो युरोपचा विजेता.

तू म्हणशील, सर, टोकियो ऑलिंपिकला तोही अर्ध्यावर थांबला. थांबला. उंच उडीत 2.11 ही त्याची तोवरची सर्वोत्तम उडी मारली आणि तिथेच पाय गेला. तरी तो चारशे मीटरच्या स्टार्टिंग ब्लॉकवर उभा राहिला, पळायला लागला, जमेना तेव्हा थांबला. व्हीलचेअरवरून त्याला बाहेर न्यावं लागलं. तुझ्या पायाला काय झालं होतं?

माझ्याही पायाला काही झालं नव्हतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या दिवशी मी दहावा होतो. कोचना सांगितलं, मांडी धरलीय. सकाळी सातच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसलो होतो. शर्टाच्या खिशात छातीवरचा नंबर घडी करून ठेवलेला, चार सेफ्टी पिनांसकट. एक पीन उघडी राहिली होती, ती पुढचं स्टेशन येईपर्यंत टोचत राहिली. मी काढली नाही. घड्याळ बघत होतो. आता हर्डल्स लावत असतील. आता पहिली हीट.

आमच्याकडे तेव्हा पोल व्हॉल्टची गादी नव्हती, वाळूत पडायचो. त्यामुळे पोलला मला शून्यच मिळणार होता. महिन्यावर परीक्षा होती, घरून पैसे येणं बंद झालं होतं. हे सगळं खरं आहे, आणि इतकी वर्षं मी ते लोकांना सांगत आलोय. पोलला शून्य मिळाला असता तरी भाला होता. पंधराशे होते. पंधराशेला कसली गादी लागते रे?

भाला कर. तुझा खांदा चांगला आहे, माझा विरोध नाही. पण नववा आलो म्हणून पळून भाल्याकडे जाऊ नकोस. आधी एक डेकॅथलॉन पुरा कर, शेवटचा ये, पण पंधराशे पळून ये. मग मला येऊन सांग की भालाच करायचा आहे. मी स्वतः तुला घेऊन जाईन चांगल्या कोचकडे.

रागावून लिहितोय असं वाटेल. रागावलोच आहे. आणि तू बस पकडलीस तेव्हा तुझ्याजवळ कुणी नव्हतं, याचं वाईटही वाटतंय. फोन करायचास रे.

शनिवारी सकाळी सहाला ग्राउंडवर ये. भाला घरीच ठेव.

तुझा,
सर