येत्या वर्षाची खरी धास्ती रात्रपाळीची आहे

तुम्ही नुकताच एका ज्येष्ठ निवासाचा कारभार हाती घेतलाय आणि विचारताय की येत्या वर्षात जास्त काळजी कशाची करावी: खोल्या रिकाम्या राहण्याची, खर्च वाढण्याची की नियम कडक होण्याची? या कामात माझी २२ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण माझी झोप उडते ती निवासींना ओळखणाऱ्या मावश्या सोडून जातात तेव्हा.

खोल्यांचं फार मनावर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० साली जगातला दर सहावा माणूस साठीचा किंवा त्यापुढचा असेल, आणि ऐंशी ओलांडलेल्यांची संख्या २०५० पर्यंत सुमारे ४२.६ कोटींवर जाईल. माणसं येणारच आहेत. मात्र ती कोणत्या अवस्थेत येतात, हे पाहा. मी सुरुवात केली तेव्हा सत्तरीतली, स्वतःची बॅग स्वतः उचलणारी माणसं यायची. आता घरच्यांना अगदीच झेपेनासं झालं की मग फोन येतो. वय पंच्याऐंशीच्या आसपास, वॉकर, दिवसाला आठ-दहा गोळ्या, आणि बऱ्याचदा विसरभोळेपणा म्हणून सांगितलेला डिमेन्शिया. खोल्या तेवढ्याच, माणसंही तेवढीच, पण काम दुप्पट. रोस्टर मात्र जुन्याच हिशोबाने लागतं आणि तिथेच सगळं बिनसतं.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडच्या एका आजींना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. त्यांच्या जुन्या मावशी नेहमी डाव्या बाजूला बसायच्या, आधी खांद्याला हात लावायच्या, मग पाण्याचा पेला पुढे करायच्या. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या मावशी काम सोडून गेल्या. नवी मुलगी चांगली होती, पण ती उजवीकडे उभी राहून विचारायची, ‘आजी, पाणी देऊ?’ उत्तर नाही. वहीत नोंद पडली, ‘नको म्हणाल्या’. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच कमी होते. पाचव्या दिवशी आजी असंबद्ध बोलू लागल्या, ताप चढला आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. लघवीचा संसर्ग निघाला. नव्या मुलीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. चूक माझी होती. मावशींच्या डोक्यात होतं ते मी त्या जायच्या आधी कागदावर आणलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड लावलेलं असतं. कोणत्या कानाने ऐकू येतं, रात्री किती वाजता बाथरूमला उठतात, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात, एवढंच. आजाराची माहिती फाइलमध्ये, कार्डावर माणूस. दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटं दोघी एकत्र राहतील असं वेळापत्रक लावा आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्या. फुकटात कुणी थांबत नाही, थांबूही नये. शक्य तितकं त्याच मावशीकडे तेच निवासी ठेवा. आणि कोण किती दिवसांत सोडून गेलं याची वही ठेवा. माझ्याकडे सोडणाऱ्या बहुतेक जणी पहिल्या तीन महिन्यांतच गेल्या, आणि कारण विचारलं तर पगाराच्या आधी ‘रात्री एकटीवर सगळं पडतं’ हेच ऐकू आलं.

पडणं हे रात्रीचंच आणखी एक दुखणं. पडल्यामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं जातात, त्यात साठीच्या पुढची सर्वांत जास्त. घंटा वाजली आणि कुणी आलं नाही, की माणूस स्वतःच उठतो. मग नातेवाईक विचारतात, ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ तो प्रश्न रास्त आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. शुल्क वाढवावं लागणार, पण काही निवासींची पुंजी त्यांच्या आयुष्याआधी संपणार आहे. ही गोष्ट दाखल करतानाच मुलांसमोर बोला. ऐंशी वर्षांच्या माणसाला थकबाकीची नोटीस हातात देण्याची वेळ मी एकदा आणली, पुन्हा आणणार नाही. नियमांचं म्हणाल तर औषधं, पडणं, तक्रारी यांच्या नोंदी रोजच्या रोज होत असतील, तर तपासणीला घाबरायचं कारण नाही.

पुढच्या महिन्याचं रोस्टर लावण्याआधी एक रात्र स्वतः तिथे बसा, दहा ते सहा. घंटा किती वेळा वाजते, कोण किती मिनिटांत पोचतं, दोन खोल्यांतून एकदम बोलावणं आलं तर कुणाला थांबवलं जातं, ते लिहून काढा. मालकांशी बजेटचं बोलायला जाल तेव्हा तो कागद बरोबर ठेवा.