चौदा महिने झाले, अजून पाऊल नाही

प्रश्न : मुलगी दहा महिन्यांची आहे. जन्मताना २.९ किलो होती, पाच महिने पूर्ण झाले तेव्हा ६.३, सातव्याला ७ आणि आता ७.८. पहिल्या पाच महिन्यांत जवळजवळ साडेतीन किलो वाढली, पुढच्या पाच महिन्यांत जेमतेम दीड. जावेचा मुलगा याच वयाचा, तो साडेनऊ किलोचा आहे. हिने बाळसंच धरलं नाही, असं सगळे म्हणतात.

उत्तर : तुम्ही चार वजनं वयासकट लिहून पाठवलीत, म्हणून मला उत्तर देता येतंय. मी ती मुलींच्या वाढीच्या आलेखावर पेन्सिलीने मांडली. चारही ठिपके मधल्या रेषेच्या थोडे खाली आले, पण एकाच वाटेने वर चढत गेले. मला हेच बघायचं होतं. ठिपका रेषेच्या वर आहे की खाली, यापेक्षा तो मागच्या ठिपक्याच्या पुढे नीट सरकलाय का, हे मी आधी पाहते.

वेग कमी झाला, हे खरंच आहे. तो सगळ्याच बाळांचा कमी होतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढतं, वर्ष भरत आलं की दहाच्या आसपास. आणि पुढचं अख्खं वर्ष मिळून दोन-अडीच किलो. तुमची लेक पहिल्या वेगाने वाढतच राहिली असती, तर तिसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस किलोची झाली असती! पुतण्याशी तुलना तर नकोच, मुलग्यांचा आलेखच वेगळा असतो.

ठिपके रेषा ओलांडत खाली यायला लागले, किंवा दोन-तीन महिने वजन जागचं हललंच नाही, तर मात्र थांबू नका. आणि दर वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करा. ओलं लंगोट आणि जाड झबलं मिळून एका महिन्याची वाढ सहज लपवतात.

प्रश्न : मुलगा चौदा महिन्यांचा झाला, अजून एक पाऊल टाकलेलं नाही. तो रांगलाही नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर खुरडत सगळीकडे जातो. सोफ्याला धरून उभा राहतो, धरून धरून कडेने चालतो. सासूबाई म्हणतात, वॉकर आणा म्हणजे पाय मोकळे होतील. आणू का?

उत्तर : वॉकर आणू नका. चाकांच्या त्या गाडीत बाळ बसलेलं असतं, स्वतःचा तोल सांभाळायची त्याला गरजच पडत नाही. चवड्यांनी जमीन ढकलली की पुढे जाता येतं, शिवाय खालचा ट्रे आड आल्यामुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. चालणं म्हणजे तोल, आणि नेमका तोच शिकायचा राहतो. जिन्यावरून गाडीसकट कोसळलेली बाळं मी पाहिली आहेत. कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. मागे उभं राहून ढकलायचा वजनदार पांगुळगाडा निराळा. तो तुमच्या मुलाला आता आवडेल, फक्त कुणीतरी शेजारी हवं.

आता चालण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची नोंद ठेवली आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालणं कुणाला आठ महिन्यांनंतर लगेच जमलं, तर कुणाला साडेसतरा महिने लागले. दोघंही निरोगी. त्याच नोंदीत चार टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. माझी स्वतःची धाकटी त्यांच्यातलीच म्हणायची. ती अशीच खुरडायची, चड्ड्यांच्या मागच्या बाजू झिजून जायच्या. सोळाव्या महिन्यात एके संध्याकाळी ती दारापासून माझ्यापर्यंत सरळ चालत आली. खुरडणारी मुलं बहुधा चालायला उशीरच लावतात, कारण त्यांना हवं तिथे पोचता येत असतं.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत आवडलेलं वाक्य म्हणजे 'धरून धरून कडेने चालतो.' चालण्याच्या अलीकडची पायरी तीच. अनवाणी राहू द्या, सोफ्यापासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवा, आणि मग वाट बघा. अठरा महिने पूर्ण झाले आणि तरी चालला नाही, तर तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र आजच बघा. तो खुरडताना दोन्ही पाय सारखेच वापरतो का? खेळणं दोन्ही हातांनी घेतो का? हे मी मुद्दाम विचारतेय. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांत एक आई सात महिन्यांच्या मुलाला लस द्यायला घेऊन आली होती. म्हणाली, "डॉक्टर, हा डावखुरा होणार बघा, सगळं डाव्याच हाताने घेतो." मी हसले, लस टोचली, कार्डावर नोंद केली. वर्षाचा झाल्यावर तो परत आला, तेव्हा त्याची उजवी मूठ अजून मिटलेलीच होती, आणि उजवा पायही ताठ होता. वर्षाच्या आत बाळ डावखुरं नसतं आणि उजवंही नसतं. इतक्या लवकर एकच हात वापरत असेल, तर दुसरा का वापरत नाही, हे बघायला हवं. त्या बाईंनी मला ते शब्दांत सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. त्या मुलाचे व्यायाम सुरू व्हायला पाच महिने उशीर झाला. तेव्हापासून आई 'हा असं करतो' म्हणाली की मी हातातलं काम खाली ठेवते.

प्रश्न : तेविसाव्या महिन्यात मुलाची उंची ८६.४ सेंटिमीटर भरली होती. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर मोजली तर ८६.६. महिन्याभरात फक्त दोन मिलिमीटर? वाढ खुंटली का?

उत्तर : आधी आडवा झोपवून मोजला असेल आणि या वेळी उभा करून, बरोबर ना? दोन वर्षांपर्यंत लांबी झोपवून मोजतात, नंतर उंची उभी. उभं राहिलं की शरीराचा भार कण्यावर येतो आणि माप सुमारे ०.७ सेंटिमीटरने कमी भरतं. ते मिळवा, म्हणजे महिन्याची वाढ जवळजवळ एक सेंटिमीटर निघेल. उत्तम आहे. पुढचं माप सहा महिन्यांनी घ्या. दर महिन्याला उंची मोजण्यात अर्थ नाही, इकडची टाच जरा उचलली तरी आकडा बदलतो.

प्रश्न : बाळ दोन महिने आधी जन्मलं. आता सहा महिन्यांचं आहे, पण आधार दिला तरी बसत नाही.

उत्तर : वाढ आणि हालचालींसाठी त्याला चार महिन्यांचं धरा. चार महिन्यांचं बाळ मान सावरतं, हातात दिलेला खुळखुळा धरतं, तुमच्याकडे बघून हसतं. हे होतंय का, ते पाहा. दोन वर्षांचं होईपर्यंत असेच दोन महिने वजा करत चला. लसींना हा हिशोब लागत नाही, त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

प्रश्न : मुलगी वीस महिन्यांची आहे. पंधराव्या महिन्यात आठ-दहा शब्द बोलायची, टाटा करायची. आता काहीच बोलत नाही, हाक मारली तरी वळत नाही. घरात म्हणतात, तिचे बाबाही तीन वर्षांपर्यंत बोलत नव्हते. थांबावं का?

उत्तर : नाही, थांबू नका. पुढचा वाढदिवस येऊ द्या, असंही नको. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.

वरच्या सगळ्या उत्तरांत मी धीर धरा म्हटलं, कारण ती मुलं सावकाश का होईना, पुढे जात आहेत. तुमच्या मुलीने आलेली गोष्ट गमावली आहे. वय कोणतंही असो, असं झालं की आम्ही वाट बघत नाही. बाबा उशिरा बोलले असतील, पण बोललेले शब्द त्यांनी सोडले होते का, हे आजीला विचारा.

आधी कानांची रीतसर तपासणी होऊ द्या. मागून टाळी वाजवल्यावर दचकते, म्हणजे नीट ऐकू येतं, असं नाही. मग विकासाची तपासणी : ती बोट दाखवून वस्तू मागते का, आवडलेली गोष्ट तुम्हाला दाखवायला आणते का, नजरेला नजर देते का. या वयात मदत लवकर सुरू झाली तर मुलाला तिचा फार उपयोग होतो. आणि हे तुमच्या कुठल्या चुकीमुळे झालेलं नाही. तुम्ही नोकरीला गेलात म्हणूनही नाही आणि घरात दोन भाषा बोलता म्हणूनही नाही.

जाताना एका कागदावर ती बोलायची ते शब्द लिहून न्या, शेवटचा शब्द साधारण कधी ऐकला तेही. फोनमध्ये तिचे तेव्हाचे व्हिडिओ असतील, ते शोधून ठेवा आणि घरी खेळतानाचा आजचा एक काढा. तपासणीच्या खोलीत मुलं गप्प होतात, रडतात. त्या दोन व्हिडिओंमधून डॉक्टरांना बरंच कळेल. आणि मला परत पत्र लिहा.