वाचकांचे प्रश्न : प्रोग्राममधून ब्राउझरमध्ये पान उघडताना

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षक आहे. मराठी विकिपीडियावरील आमच्या परिसरातील गावे आणि किल्ले यांच्या ४० लेखांवर आमचा विद्यार्थ्यांचा गट लक्ष ठेवतो. त्यासाठी मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तो फाइलमधून लेखाचे नाव वाचतो, त्या लेखाच्या ‘इतिहास’ पानाचा पत्ता जुळवतो आणि ‘ओएस डॉट सिस्टिम’ या कमांड चालवणाऱ्या फंक्शनच्या मदतीने तो पत्ता विंडोजच्या ‘स्टार्ट’ कमांडला देतो. मात्र इतिहासाऐवजी मूळ लेखच उघडतो आणि काळ्या खिडकीत ‘अॅक्शन’ नावाची कमांड ओळखता येत नाही, असा संदेश येतो. शाळेतील उबुंटू संगणकावर तर काहीच उघडत नाही. शिवाय ज्या नावांत ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ येतो, अशा एक-दोन नावांसाठी ‘असा लेख नाही’ असे दिसते, पण ब्राउझरमध्ये शोधले की तोच लेख सापडतो. काय चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन एकाच सवयीतून आलेल्या आहेत आणि तिसरी मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

‘ओएस डॉट सिस्टिम’ला दिलेला मजकूर थेट ब्राउझरकडे जात नाही. तो आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टकडे, म्हणजे त्या काळ्या खिडकीकडे जातो आणि कमांड प्रॉम्प्टच्या दृष्टीने ‘&’ या चिन्हाचा अर्थ ‘येथे एक कमांड संपली, पुढची सुरू झाली’ असा होतो. विकिपीडियाच्या इतिहास पानाच्या पत्त्यात आधी लेखाचे शीर्षक येते, मग ‘&’ आणि त्यानंतर ‘अॅक्शन’ची किंमत ‘हिस्टरी’ असल्याचे लिहिलेले असते. त्यामुळे ‘स्टार्ट’ला केवळ शीर्षकापर्यंतचा पत्ता मिळाला, त्याने इमानाने तो लेख उघडला, आणि उरलेला तुकडा स्वतंत्र कमांड समजून चालवण्याचा प्रयत्न फसला. पत्ता अवतरणचिन्हांत घालून हे टाळता येईल असे वाटते, पण ‘स्टार्ट’ पहिल्या अवतरणातील मजकुराला खिडकीचे शीर्षक समजते. म्हणून त्याच्या आधी एक रिकामे अवतरण द्यावे लागते. असे ठिगळ लावून काम भागेल, परंतु मी ते सुचवणार नाही, कारण फाइलमधून आलेले नाव जोडून कमांड तयार करणे हीच मुळात धोक्याची गोष्ट आहे. त्या फाइलमध्ये उद्या कोणी खोडसाळपणे वेगळा मजकूर लिहिला, तर तो आपल्या संगणकावर कमांड म्हणून चालेल. विद्यार्थ्यांच्या हाती जाणाऱ्या प्रोग्राममध्ये तर ही वाट बंदच असावी.

उबुंटूवर काही न घडण्याचे कारण साधे आहे. ‘स्टार्ट’ ही विंडोजची कमांड आहे. लिनक्सवर तेच काम ‘एक्सडीजी-ओपन’ करते आणि मॅकवर ‘ओपन’.

या तिन्ही घरांच्या चाव्या स्वतः सांभाळण्याची गरज नाही. पायथॉनसोबतच ‘वेबब्राउझर’ नावाचे मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) येते. त्यातील ‘ओपन’ या फंक्शनला पूर्ण पत्ता दिला की विंडोजवर ते पत्ता थेट प्रणालीच्या हवाली करते आणि लिनक्सवर उपलब्ध असलेला ब्राउझर शोधून काढते. मध्ये कमांड प्रॉम्प्ट येत नसल्यामुळे ‘&’ सुखरूप पोहोचते. या फंक्शनला ‘न्यू’ नावाची एक जोडकिंमतही देता येते : ० म्हणजे शक्य असल्यास तीच खिडकी, १ म्हणजे नवी खिडकी आणि २ म्हणजे नवा टॅब. मात्र ही विनंती आहे, हुकूम नव्हे. विंडोजवरील नेहमीच्या मार्गात ही किंमत विचारातच घेतली जात नाही, त्यामुळे १ दिल्यावरही नवा टॅबच उघडला तर आपला प्रोग्राम चुकला असे समजू नये.

आता पत्त्यातील मराठीकडे वळू. वेब पत्त्यात देवनागरी अक्षरे जशीच्या तशी प्रवास करत नाहीत. प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीने ३ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जातो. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी ४ चिन्हे आहेत. त्यांचे १२ बाइट होतात आणि पत्त्यात ३६ अक्षरे. विकिपीडियाचा मराठी दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर टक्केचिन्हांची जी लांबलचक माळ दिसते, ती हीच. ब्राउझर हे रूपांतर बहुतेक वेळा स्वतःच करतो, पण त्यावर विसंबून न राहता ‘यूआरएललिब डॉट पार्स’मधील ‘क्वोट’ फंक्शनने शीर्षक आपणच रूपांतरित करावे. संपूर्ण पत्ता नव्हे, फक्त शीर्षक, अन्यथा पत्त्याची मूळ विरामचिन्हेही बदलली जातील. आधीच रूपांतरित झालेला, म्हणजे ब्राउझरमधून उचललेला दुवा पुन्हा ‘क्वोट’मधून काढू नये. तसे केल्यास टक्केचिन्हाचेच रूपांतर होते आणि पान सापडत नाही.

‘ऱ्ह’ची अडचण याच्याही आधीची आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्व लिप्यांसाठीच्या अक्षरसंचात, तीन प्रकारे टंकले जाते. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते आणि शब्दाची ६ चिन्हे होतात. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) येतो, आणि तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. या दोन्हींत ७ चिन्हे होतात. पडद्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत. जुन्या फाइलींत आणि जुन्या कळफलकांवर टंकलेल्या मजकुरात तिसरा प्रकार मी वारंवार पाहिला आहे, आणि आपल्या यादीतही तोच असावा असा माझा अंदाज आहे. पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन एनएफसी (सुटी चिन्हे जोडून एक करण्याच्या) पद्धतीने वापरले की नुक्त्याचा प्रकार पहिल्या प्रकारात बदलतो, मात्र अदृश्य जोडचिन्हाला ते हात लावत नाही. त्यासाठी ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिकडी शोधून तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावे. या एका ओळीने आपले हरवलेले लेख सापडावेत.

एक सूचना विचारलेली नसूनही करतो. रोज ४० टॅब उघडून प्रत्येक पान डोळ्यांनी तपासणे विद्यार्थ्यांना लवकरच कंटाळवाणे होईल. विकिपीडियाच्या एपीआयला (प्रोग्रामने थेट माहिती मागण्याच्या सोयीला) एका विनंतीत ५० पर्यंत शीर्षके देऊन प्रत्येकाची अखेरची आवृत्ती केव्हाची आहे, हे विचारता येते. आपली सगळी यादी एकाच विनंतीत मावते. कालची वेळ जपून ठेवावी, आजच्या वेळेशी ताडून पाहावी आणि ज्या लेखांत बदल झाला आहे, तेवढेच ब्राउझरमध्ये उघडावेत. विनंती पाठवताना आपल्या प्रोग्रामचे नाव आणि संपर्काचा मार्ग ‘यूझर-एजंट’मध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीच्या ओळीत, लिहावा, अशी विकिमीडियाची अपेक्षा आहे आणि ती पाळावी.

प्रश्न : ‘वेबब्राउझर डॉट ओपन’ने ‘ट्रू’ असे उत्तर दिले की पान पूर्ण उघडले असे समजावे का? आणि काम झाल्यावर तोच टॅब प्रोग्राममधून बंद कसा करावा?

उत्तर : ‘ट्रू’चा अर्थ पत्ता ब्राउझरकडे सोपवता आला, एवढाच आहे. इंटरनेट बंद असले, पत्ता चुकीचा असला किंवा संकेतस्थळाने नकार दिला, तरी उत्तर ‘ट्रू’च येईल, कारण त्यानंतर काय घडले हे ब्राउझर आपल्या प्रोग्रामला सांगत नाही. टॅब बंद करण्याची सोयही या मॉड्यूलमध्ये नाही. पान वापरकर्त्यासमोर ठेवून बाजूला होणे, एवढेच त्याचे काम आहे.

पान उघडेपर्यंत थांबणे, त्यातील अर्ज भरणे, बटण दाबणे आणि शेवटी टॅब बंद करणे ही कामे करायची असतील, तर प्रोग्राममधून ब्राउझर चालवणारे ‘सेलेनियम’ हे साधन वापरावे. ते ज्या ‘वेबड्रायव्हर’ पद्धतीवर चालते, तिला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ मध्ये अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. याची किंमतही लक्षात घ्यावी : सेलेनियम सहसा ब्राउझरची कोरी प्रोफाइल उघडते, त्यामुळे वापरकर्त्याने आधी केलेले लॉगिन तेथे नसते. आणि पानातील केवळ मजकूर हवा असेल, तर ब्राउझर उघडण्याचीच गरज नाही, ‘यूआरएललिब डॉट रिक्वेस्ट’ पुरेसे आहे.

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड अॅपमध्ये दुवा उघडण्यापूर्वी फोनवर ब्राउझर आहे का, हे मी ‘रिझॉल्व्हअॅक्टिव्हिटी’ने तपासतो. नव्या फोनवर ब्राउझर असूनही उत्तर ‘नल’ (काहीच नाही) येते आणि दुवा उघडत नाही.

उत्तर : अँड्रॉइड ११ पासून एका अॅपला फोनवरील इतर अॅप्स आपोआप दिसत नाहीत. आपले अॅप त्या किंवा त्यापुढील आवृत्तीला लक्ष्य करत असेल, तर मॅनिफेस्टमध्ये (अॅपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) ‘क्वेरीज’ विभाग लिहून वेब दुवे उघडणारी अॅप्स पाहायची आहेत असे सांगावे लागते. परंतु आपल्याला फक्त दुवाच उघडायचा असल्यामुळे ही तपासणी काढून टाकणे अधिक सोपे. ‘अॅक्शन व्ह्यू’चा इंटेंट (दुवा दाखवण्याची विनंती) घेऊन थेट ‘स्टार्टअॅक्टिव्हिटी’ करावे. त्याला या नियमाचा अडथळा येत नाही. उघडणारे अॅप खरोखरच नसेल, तर ‘अॅक्टिव्हिटीनॉटफाउंडएक्सेप्शन’ येईल. ते पकडून वापरकर्त्याला तसे सांगावे आणि दुव्याची नक्कल घेण्याचे बटण द्यावे.