बाक सोडू नको

सलाम बाळा,

परवा उपासनेनंतर गेटपाशी तू म्हणालास, अंकल, लहानपणीचा बाप्तिस्मा धरतच नाहीत म्हणे, नव्या फेलोशिपमधे परत घेतो, आणि तसंही आपण उपासनेत म्हणतो तो विश्वासांगीकार रोमन राजा कॉन्स्टंटाइननं बनवलाय, व्हिडिओत पाहिलं. मी चिडलो आणि नीट बोललोच नाही. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहून राहिलो.

पहिले बाप्तिस्म्याचं. नागपुरात सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलवरून तू रोज गाडी घेऊन जातोस, तिथेच २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस एक होऊन आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. त्यात लेकरांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठं होऊन स्वतः कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही म्हणणारे बॅप्टिस्ट पण होते, म्हणजे तुझ्या डोक्यात आहे तोच वाद. बोलणी १९२९ पासून चालू होती, ४१ वर्षं रे! एक मोठा मेथडिस्ट गट तर अगदी शेवटी मागे हटला. बाकीचे बसून राहिले आणि ठरलं की दोन्ही रीती चालतील, लेकराचा बाप्तिस्मा झाला असेल तर मोठं झाल्यावर दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वेळी त्यानं स्वतःच्या तोंडानं कबुली द्यायची. तू दिली होतीस, मी समोर बसलो होतो, आवाज कापत होता तुझा. ती कबुली खोटी होती का? मग परत काहून घ्यायचा बाप्तिस्मा?

आता राजाचं. ३२५ मधे निकियाला बिशपांची सभा त्यानंच बोलावली, आपल्या विश्वासांगीकाराची सुरुवात तिथलीच, खरं आहे. पण त्या सभेचा विश्वास ज्यानं जन्मभर धरून ठेवला त्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथानासियसला ३३५ मधे हद्दपार कोणी केलं? त्याच कॉन्स्टंटाइननं. नंतरच्या राजांनी पण केलं, एकूण पाच वेळा. दरवेळी तो अलेक्झांड्रियात आपल्या मंडळीकडे परत आला, वेगळी चूल मांडली नाही त्यानं. दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे नसतं. बाक सोडू नको, म्हणजे आपली मंडळी सोडू नको, म्हणतो ते यासाठी.

मी सोडला होता. कमिटीत हिशोब विचारला, खाली बसा म्हणाले, मी उठून निघालो ते अकरा वर्षं पाय ठेवला नाही. हिशोबाचं माझं बरोबर होतं, आजही तेच म्हणेन, आणि त्या दिवशी कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं, माझ्या जागी दुसरा असता तर त्यालाही राग आलाच असता. पण मी बाहेर गेल्यावर हिशोब विचारणारं आत कोणी उरलं नाही, ना. आई त्या अकरा वर्षांत रविवारी एकटी ऑटोनं जायची, मी गेटपर्यंत सोडायलाही गेलो नाही. ती गेली तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं, तिच्या आवडीचं गीत कोणतं घ्यायचं, आणि मला सांगता आलं नाही. तिच्या बाकावरच्या बाईनं सांगितलं.

तुझे प्रश्न चूक नाहीत. आपल्याकडे तरुणांना बोलू देत नाहीत, निवडणुका आल्या की माणसं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, मला सगळं माहीत आहे. विचार, भांड, कमिटीला लेखी दे, मी सही करतो खाली. फक्त बसल्या जागेवरून कर.

रविवारी मी तिसऱ्या बाकावर असतो, भिंतीकडून. तो व्हिडिओ घेऊन ये, उपासना झाली की सोबत बघू.

तुझा अंकल